गलक्याचा अर्ज

इंग्रजीत लिहिलेला अर्ज लोक खरोखर वाचतात हे मला आधी कळलं असतं, तर मी चौथा अर्जही मराठीतच लिहिला असता.

मराठीत तीन लिहून झाले होते. तिन्हींवर आवक शिक्का बसला, तिन्हींची पोच मला मिळाली आणि तिन्ही कुठल्या तरी कपाटात सुखाने झोपले. मागणी एकच होती. तलासरी तालुक्यातल्या आमच्या टेंभूरपाड्याच्या शाळेत पहिली ते पाचवी असे पाच वर्ग, आणि शिकवायला मी एकटा. दुसऱ्या शिक्षिका सोनल मॅडम गेल्या वर्षी पंधरा दिवसांसाठी म्हणून दुसऱ्या शाळेत पाठवल्या गेल्या. ते पंधरा दिवस अजून चालू आहेत.

मी काशीनाथ चुरी. घोलवडला घरची चिकूची वाडी आहे, ती भाऊ बघतो. मी डहाणूत राहतो आणि रोज सकाळी मोटारसायकल काढून उधव्याच्या बाजूला जातो. नोकरीला अठरा वर्षं झाली, त्यातली अकरा याच पाड्यावर. मला राग लवकर येतो हे पाड्यात सगळ्यांना माहीत आहे. तो लवकर उतरतो, हे फक्त पोरांना माहीत आहे आणि ती त्याचा पुरेपूर फायदा घेतात.

शाळेचा पट तेवीस, पण खोलीत जीव असतात पस्तीसेक. याला कारण आहे. पाड्यातले आईबाप पहाटे जीपमध्ये बसतात. कोणी राज्याच्या हद्दीपलीकडच्या कंपन्यांत जातं, कोणी बोर्डीकडच्या वाड्यांत. घरातलं तान्हं किंवा रांगतं मूल जातं मोठ्या बहिणीच्या कडेवर. बहीण येते शाळेत, म्हणजे मूलही शाळेतच येतं. अंगणवाडी आहे, पण ती ओढ्यापलीकडे, आणि एवढ्या लहानांना तिथे ठेवून घेत नाहीत. मी आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात आरडाओरडा करून ही लहानगी बंद केली होती. दुसऱ्या आठवड्यात एकही मुलगी आली नाही. तिसऱ्या आठवड्यात मीच घरोघर फिरून सांगितलं, आणा बाबांनो, काय आणायचं ते आणा.

तेव्हापासून आमच्या वर्गात पाढे चालू असताना कोणी तरी रडत असतं, कोणी तरी माझ्या चपला घेऊन दाराबाहेर गेलेलं असतं. चौथीतल्या रूपीचा भाऊ हाल्या दीड वर्षाचा आहे आणि तो खडू खातो. पांढराच खातो, रंगीत दिला तर थुंकतो. त्याला मांडीवर आडवा टाकून, एका पायाने हलवत, रूपी भागाकार करते. तिचा भागाकार माझ्या आधी होतो, हे मी तिला कधी कळू दिलेलं नाही. पाड्यातली एकही मुलगी अजून दहावीपर्यंत गेलेली नाही. रूपी जाईल, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. मास्तर लोकांना असं एखादं मूल लागतं, त्याशिवाय ही नोकरी ओढत नाही.

पण रोज ओढवत नव्हतं, हेही खरं. पाचवीला अपूर्णांक सांगायला वळलो की पहिली बाकावरून उड्या मारायची, पहिलीला गप्प केलं की तिसरीत मारामारी. संध्याकाळी घरी गेलो की बायको बोलली तरी मला गलका वाटायचा. माझ्या अगदी नाकी नऊ आले होते.

अशात सप्टेंबरमध्ये डहाणूला इंग्रजीचं प्रशिक्षण लागलं. जतीन सर नावाचे तरुण गृहस्थ शिकवायला होते. बाकीचे शिक्षक जेवणात काय आहे याची चौकशी करत असताना ते इंग्रजी वाक्प्रचार समजावत होते. शाळेशी संबंधित वाक्प्रचार घेऊ म्हणाले, आणि फळ्यावर लिहिलं, ‘ब्लॅकबोर्ड जंगल’.

त्यांनी अर्थ नीट सांगितला. ज्या शाळेत शिस्त उरलेली नाही, मुलं कोणाचं ऐकत नाहीत, दांडगाई करतात आणि शिक्षक हतबल झालेला असतो, अशा शाळेला इंग्रजीत असं म्हणतात. एखाद्या दिवशी वर्गात गोंधळ झाला म्हणून हे वापरायचं नाही, कायमची घडी बिघडली असेल तरच. शहरांतल्या दांडग्या शाळांबद्दल वर्तमानपत्रात येतं. “आणि हे कौतुकाने कधी म्हणत नाहीत,” ते म्हणाले. “शाळेला लावायचा शब्द आहे, पण लागतो मुलांनाही आणि शिक्षकालाही. म्हणून जपून वापरा. आता प्रत्येकाने एक वाक्य करा.”

मी वाक्य केलं, की दुसऱ्या शिक्षकाअभावी माझी शाळा ब्लॅकबोर्ड जंगल झाली आहे. जतीन सरांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. वापर अगदी अचूक आहे म्हणाले. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला इंग्रजीत शाबासकी मिळाली की काय होतं ते मी सांगत नाही. घरी येताना मी ते वाक्य मोटारसायकलवर दोनदा म्हटलं.

आणि त्याच आठवड्यात चौथा अर्ज इंग्रजीत लिहिला. एक पानी, भरघोस. शाळेत मारामाऱ्या होतात, शाळेबाहेरची मुलं वर्गात असतात, अध्यापन अशक्य झालं आहे, माझं नियंत्रण राहिलेलं नाही. आणि शेवटी ते वाक्य. थोडं चढवून लिहिलं होतं, कबूल. अर्जात आपण सगळेच चढवून लिहितो. साधं सांगितलं तर कोणी ढुंकून बघत नाही.

आठ दिवसांत फोन आला. विस्तार अधिकारी साहेबांनी बोलावलं होतं.

साहेब नवीन होते, शांत होते, आणि माझा अर्ज त्यांच्यासमोर पेन्सिलीने खुणा करून ठेवलेला होता. मला वाटलं, जिंकलो. त्यांनी चहा सांगितला. म्हणाले, “चुरी सर, इतक्या प्रामाणिकपणे कोणी लिहीत नाही. मी वर पाठवलंय.”

“मग शिक्षक कधी मिळेल साहेब?”

“शिक्षक कुठून आणू? शिक्षकच नाहीत. पण ज्या शाळा चालण्यासारख्या नाहीत त्या मोठ्या शाळेत विलीन करायचं चाललंय. तुमची यादीत नव्हती. तुमच्या पत्रामुळे आली. मुलं जानेवारीपासून हायवेजवळच्या शाळेत जातील. तिथे वर्गाला शिक्षक आहे. मुलांना न्यायला गाडी लावू. तुम्हीही सुटाल.”

मी चहाचा कप खाली ठेवला. साडेचार किलोमीटर आणि मध्ये हायवे. कडेवर मूल घेतलेल्या पोरीला त्या गाडीत कोण चढू देणार? हे मी त्यांना सांगितलं, जरा जास्तच आवाजात. त्यांनी ऐकून घेतलं. मग माझाच अर्ज माझ्याकडे फिरवला आणि विचारलं, “हे खोटं लिहिलंय का?”

खोटं म्हटलं तर कार्यालयाची दिशाभूल केली म्हणून नोटीस. खरं म्हटलं तर शाळा बंद. आणि खरं सांगायचं तर ते धड खोटं नव्हतं आणि धड खरंही नव्हतं. मी म्हणालो, “साहेब, एवढं वाईट नाही.”

“नाही कसं, तुमचेच शब्द आहेत,” ते म्हणाले, आणि तेही चिडून नाही.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज मागे घेण्याचा अर्ज दिला. या वेळी मराठीत दिला गेला, घाईत. त्याच्यावर आवक शिक्का बसला. चार दिवसांनी चौकशी केली तर बाबू म्हणाले, पहिल्यावर कार्यवाही चालू आहे, दुसऱ्याची नोंद झालेली आहे. मी तिथे हात टेकले.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी साहेब शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला पाड्यावर आले. समितीची अध्यक्ष धाकली, म्हणजे रूपीची आत्या. रूपीचा बाप लाहू समितीत होता, पण त्याची कामावरची जीप अजून परतली नव्हती, म्हणून बायकाच जास्त होत्या. साहेबांनी सगळं समजावलं आणि मग सहज म्हणाले, “सर, तुमच्या पत्रात काय आहे ते यांना मराठीतून सांगा. लपवायचं कशाला?”

मी उभा राहिलो. अकरा वर्षं या बायकांनी मला भात रांधून घातला आहे, माझ्या मोटारसायकलचं चाक चिखलातून काढलं आहे. मी सांगू लागलो. की इंग्रजीत एक शब्द आहे. ज्या शाळेत मुलं दांडगाई करतात, ऐकत नाहीत, गुरुजीचं काही चालत नाही, त्या शाळेला तो शब्द वापरतात. मी तो आपल्या शाळेला वापरला. एवढं सांगेपर्यंत माझे कान तापले होते. माझ्याच तोंडून ऐकताना ते इतकं घाण वाटलं, की पुढचं सांगता येईना.

मग धाकली म्हणाली, “आमची पोरा तुमाला मारतात का गुरुजी?”

“नाही गं.”

“मंग लहानी पोरा रडतात, ता तुमाला तरास होतो.”

“होतो थोडा.”

“ता आमाला सांगाचा ना. कागदावर कशाला लिवाचा?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी त्याला उत्तर दिलं असतं, रागाला उत्तर देणं मला चांगलं जमतं. मी खाली बसलो. मला माझी लाज वाटत होती.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. तेही अवघडले. म्हणाले, “हे बघा, मी नुसत्या कागदावर निर्णय घेत नाही. गुरुवारी स्वतः येतो. शाळा नीट चाललेली दिसली, तर तसं शेरेबुकात लिहीन आणि तुमचं नाव यादीतून काढायला सांगेन.”

शेरेबुक म्हणजे येणारा अधिकारी ज्यात आपला अभिप्राय लिहितो ते शाळेचं पुस्तक. त्यात लिहिलेलं कोणी खोडू शकत नाही. साहेब गेल्यावर माझ्या जिवात जीव आला. मी बायकांना म्हणालो, गुरुवारी सगळी पोरं पाठवा, वेळेवर, अंघोळ घालून, गणवेशात. उठताना धाकलीने विचारलं, “आन लहानी?”

मी म्हणालो, “त्या दिवशी नसली तर बरं.”

बस, एवढंच म्हणालो. मला वाटलं, एक दिवसाचा प्रश्न आहे, घरातलं कोणी तरी मोठं राहील घरी. अकरा वर्षं पाड्यावर काढूनही मला असं वाटलं, याचंच नंतर मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. जीपमधली जागा एक दिवस सोडली की ती दुसऱ्याची होते, हे मला माहीत नव्हतं का? पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर फक्त साहेब होते.

मंगळवार-बुधवार मी पोरांची तयारी करून घेतली. पहिलीला गोष्ट, दुसरीला पाढे, पाचवीला नकाशा. रूपीला सांगितलं, साहेब आले की तू भागाकार करून दाखवायचा, तीन अंकी. ती म्हणाली, फळ्यावर? मी म्हटलं, हो, फळ्यावर, सगळ्यांसमोर. बुधवारी दुपारी ती शाळा सुटल्यावर थांबून फळ्यावर भागाकार करत बसली होती, आणि हाल्या खाली बसून पडलेले खडूचे तुकडे गोळा करत होता. मी त्याच्या हातातला खडू काढून घेतला तर त्याने भोकाड पसरलं. रूपीने त्याला उचललं आणि घाबरून माझ्याकडे बघितलं. पूर्वी ती अशी बघायची नाही.

गुरुवारी साडेनऊलाच मी शाळा उघडली. दहाला पोरं आली. न्हालेली, तेल चोपडलेली, गणवेशातली. ओळीने आत आली, ओळीने बसली. मी म्हटलं, “शाब्बास.” मग हजेरीचा कागद हातात घेतला आणि मान वर केली, तर समोर नऊ पोरं होती. सगळे मुलगे.

प्रार्थनेनंतर येतील, असं मला वाटलं. साडेदहा झाले. मी चौथीतल्या चिमणला विचारलं, पोरी कुठायत? तो बसल्या जागीच म्हणाला, “घरी हायत सर. लहान्यांना धरून बसल्यात. आज आवाज नाय करायचा ना?”

मी पायात चपला सरकवल्या. पळत जाऊन निदान चार-पाच पोरी कडेवरच्या मुलांसकट आणायच्या, असं ठरवून मी दाराशी आलो, आणि समोर साहेबांची गाडी थांबली.

साहेब तासभर बसले. पोरांनी चांगली उत्तरं दिली. कोणी उठलं नाही, कोणी हसलं नाही, मागच्या बाकावर कोणाचं भांडण झालं नाही. अकरा वर्षांत ती खोली इतकी शांत मी पाहिली नव्हती. बाहेर पत्र्यावर कावळा चालत होता तेही ऐकू येत होतं. मी फळ्यापाशी उभा राहून शिकवत होतो आणि मला रडू येईल की काय असं वाटत होतं.

शेवटी साहेबांनी हजेरी मागितली. पट तेवीस, हजर नऊ.

मी सगळं सांगितलं. पोरी का नाहीत, कोणासाठी नाहीत, मी काय बोललो होतो. काही लपवलं नाही. त्यांनी पेन हातात धरून ऐकलं. मग म्हणाले, “म्हणजे लहान मुलं आली की तुम्ही पत्रात लिहिलंय तसं होतं, आणि नाही आली की चौदा मुली शाळेबाहेर राहतात. चुरी सर, मी काय लिहू ते तुम्हीच सांगा. तुम्ही सांगाल ते लिहितो.”

ते खरंच विचारत होते. मी अठरा वर्षांचा अनुभवी शिक्षक, अर्ज लिहिण्यात पटाईत, इंग्रजीतही. मला एक वाक्य सुचलं नाही. मी म्हणालो, “दुसरा शिक्षक द्या साहेब.”

“तेवढं सोडून सांगा,” ते म्हणाले.

मग त्यांनी स्वतःच लिहिलं. स्वच्छ अक्षरात, दोन ओळी. शिस्त उत्तम. उपस्थिती अत्यल्प, शाळा समायोजनास पात्र. म्हणजे मोठ्या शाळेत विलीन. खाली सही केली, मला वाचून दाखवलं आणि माझीही सही घेतली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो झटकून टाकावा असं वाटलं, पण त्यांचं तरी काय चुकलं होतं?

पोरांना खिचडी दिली आणि शाळा लवकर सोडली. मोटारसायकलकडे न जाता मी लाहूच्या घराकडे चालत गेलो. काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं. जानेवारीपासून हायवेजवळच्या शाळेत जायचं आहे, हे सांगावं का? की हाल्याला घेऊन उद्या शाळेत ये, जे काही दिवस उरलेत तेवढे तरी ये, असं सांगावं?

रूपी ओट्यावर बसली होती. अंगात गणवेश होता, केस विंचरलेले होते. म्हणजे सकाळी ती तयार झाली होती. मांडीवर हाल्या झोपलेला होता. मला बघून ती उठायला लागली, मग तो जागा होईल म्हणून तशीच बसून राहिली.

“साहेब आले होते सर?” तिने हळूच विचारलं.

“आले होते.”

“पोरा गप बसली?”

“अगदी गप्प बसली.”

“मंग सायबान काय लिवला?”

मी तिच्याकडे बघितलं. ती इतक्या आशेने विचारत होती, की पुढची ओळ माझ्या तोंडून निघेना.

“शिस्त उत्तम, असं लिहिलं.”

तिचा चेहरा एकदम खुलला. तिने हाल्याच्या अंगावरची माशी हाकलली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “मंग सर, मी नाय आली, ता बरा झाला.”